शेवंतीचं फूल पावसाळ्यात घडतं

नवरात्राच्या सुमारास रोपवाटिकांमध्ये शेवंतीच्या गच्च फुललेल्या कुंड्या यायला लागतात. दिवाळीत त्या दारात शोभतात, आणि फुलं सुकली की झाड मेलं असं समजून बऱ्याच घरांतून कचऱ्यात जातात. ते मेलेलं नसतं. शेवंती बहुवर्षायू आहे. फुलून गेलेल्या दांड्याच्या बुडाशी, मातीखालून नवे कोंब निघतात. त्यांना काश्या म्हणतात. पुढच्या वर्षीची सगळी फुलं त्या काश्यांमधून येणार असतात.

शेवंतीची आठवण मात्र आपल्याला थंडीची चाहूल लागली की होते, आणि तोवर करण्यासारखं फार थोडं उरतं. किती फुलं येणार, केवढी येणार, दांडा त्यांचं ओझं पेलणार की नाही, हे जून ते सप्टेंबरमध्येच ठरून जातं. त्यामुळे इथे फुलांपेक्षा पावसाळ्याबद्दलच जास्त लिहिणार आहे. वेळापत्रक पुणे, नाशिक, सातारा अशा देशावरच्या हवेचं आहे. कोकणात आणि मुंबईत रात्रींचा गारवा उशिरा सुरू होतो, तिथे फुलं दोन-तीन आठवडे मागे धरावीत.

आधी जात ठरवा, कारण त्यावर पुढची सगळी कामं अवलंबून आहेत. वेणीसाठी, पूजेसाठी भरपूर लहान फुलं हवी असतील तर झिप्री, रेवडी, राजा, सोनाली तारा, बिरबल साहनी अशा जाती आहेत. त्या काटक असतात आणि शेंडे खुडले की झुडपासारख्या पसरतात. एका दांड्यावर एकच थाळीएवढं फूल हवं असेल तर स्नोबॉल, सोनार बांगला, चंद्रमा यांसारख्या प्रदर्शनी जाती घ्याव्या लागतात. त्यांना काठी लागते, कळ्या खुडाव्या लागतात आणि रोज लक्ष द्यावं लागतं. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं शेंडा न खुडता आणि आधार न देता आपोआप घुमटाकार वाढणाऱ्या काही जाती तयार केल्या आहेत. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी रोपवाटिकेत त्या मागून पाहाव्यात. पहिल्याच वर्षी पाच-सहा जातींच्या मागे लागू नका. एक लहान आणि एक मोठी, प्रत्येकी तीन कुंड्या, एवढं पुरे.

फुटपट्टीनं मोजल्यासारखी गोल, बुटकी कुंडी विकत आणली असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. ते बहुतेक वेळा एक झाड नसतं. एका कुंडीत तीन ते पाच रोपं लावून, वाढ रोखणारं संजीवक फवारून ती बुटकी ठेवलेली असतात. पुढच्या वर्षी तीच जात तुमच्याकडे गुडघ्याच्या वर जाईल. यात तुमची चूक नसते, संजीवकाचा परिणाम तेवढ्यापुरताच असतो. शिवाय या कुंड्या बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असतात. एकदा पूर्ण वाळलेलं कोकोपीट वरून घातलेलं पाणी शोषत नाही, पाणी कडेनं ओघळून तळातून बाहेर येतं आणि मुळं कोरडीच राहतात. अशी कुंडी पंधरा-वीस मिनिटं पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी आणि बुडबुडे थांबले की काढावी.

आता काड्यांचं काम. काश्या थेट वाढवूनही फुलं येतात, आणि एप्रिल-मेमध्ये शेतात बरीचशी लागवड तशीच होते. पण कुंडीत उन्हाळ्यापासून वाढलेलं रोप नोव्हेंबरपर्यंत खाली बोडकं आणि खोडाशी लाकडासारखं होतं. जुन्या मातीतले रोग आणि सूत्रकृमीही काश्यांबरोबर नव्या कुंडीत येतात. म्हणून काश्यांना फक्त मातृझाडं म्हणून जगवावं आणि जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत त्यांच्या शेंड्यांच्या काड्या लावाव्यात. काडी ५ ते ७ सेंटिमीटरची घ्या. ती योग्य आहे का, हे बोटांनी कळतं. वाकवल्यावर कटकन मोडली तर बरोबर, नुसती वाकली आणि तंतू दिसले तर निबर झाली. कळी धरलेला शेंडा घेऊ नये, त्याला मुळं फुटली तरी वाढ होत नाही.

काडी सकाळी कापावी, पेराच्या लगेच खाली, नव्या ब्लेडनं. खालची पानं काढून वरची तीन-चार ठेवावीत. आयबीए असलेली मुळं फुटण्याची पावडर टोकाला लावली तर मुळं लवकर आणि सारखी येतात, नाही लावली तरी शेवंती सहसा निराश करत नाही. ट्रेमध्ये निम्मं कोकोपीट, निम्मी धुतलेली जाडी वाळू. खत अजिबात नको. काड्या दोन-अडीच सेंटिमीटर अंतरानं, तेवढ्याच खोल लावून उजेडाच्या सावलीत ठेवाव्यात. १२ ते १८ दिवसांत मुळं येतात. रुजली का ते पाहायला काडी उपटू नका, मधलं कोवळं पान हललं, मोठं झालं की समजावं. आपल्याकडे जुलैत हवा एवढी दमट असते की वरून प्लास्टिकची पिशवी घालायची गरज नसते. पिशवी घातल्यानंच काड्या बुडाशी काळ्या पडून कुजतात.

रुजलेली काडी एकदम मोठ्या कुंडीत लावायचा मोह होतो. तो टाळा. दहा इंची कुंडीतली माती पावसात भिजून बसते, एवढुशा मुळांना तेवढं पाणी ओढता येत नाही, आणि माती आंबते. आधी ४ इंची कुंडी, मुळं कडेला लागली की ६ इंची, आणि ऑगस्ट संपायच्या आत ८ किंवा १० इंची शेवटची कुंडी. प्रत्येक वेळी खोड आधीएवढंच मातीत राहिलं पाहिजे, खोल पुरू नये.

मातीचं मिश्रण: दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, दोन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत, एक भाग जाडी वाळू. दहा इंची कुंडीला त्यात दोन मोठे चमचे हाडांचा चुरा आणि मूठभर निंबोळी पेंड. काळी माती घेऊ नका. शेतात ती चालते कारण तिथं पाण्याला खोली आणि उतार मिळतो. कुंडीत ती पावसात चिखल होते आणि ऑक्टोबरच्या उन्हात आक्रसून कडेनं भेगा पाडते, त्यात बारीक मुळं तुटतात. कुंडी काठोकाठ भरू नये. वर ४-५ सेंटिमीटर जागा ठेवली तर सप्टेंबरच्या अखेरीस, मुळं पृष्ठभागावर पांढरी दिसायला लागली की, तेवढ्या जागेत याच मिश्रणाचा एक थर देता येतो. मोठ्या फुलांच्या जातींना या थराचा फार उपयोग होतो.

शेवंतीचे सगळ्यात जास्त बळी पाणी घेतं. जुलै-ऑगस्टमध्ये कुंड्या दोन विटांवर उचलून ठेवाव्यात, म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतात. संततधार असेल तर पत्र्याच्या किंवा पारदर्शक शीटच्या आडोशाला न्याव्यात. इथं एक खूण फसवते. माती ओली आहे, तरी भर दुपारी पानं माना टाकतात. बघणारा म्हणतो, पाणी कमी पडलं, आणि अजून घालतो. खरं तर मुळं कुजायला लागलेली असतात, त्यांना असलेलं पाणीही ओढता येत नाही. अशा वेळी पाणी बंद करून कुंडी सावलीत ठेवावी, आणि शेंडा अजून ताजा असेल तर त्याची काडी घेऊन ठेवावी. कुंडी वाचेलच असं नाही, पण जात हातची जात नाही.

पाऊस उघडला की उलटी काळजी. ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली कुंडी एका दिवसात वाळते आणि कळ्या नेमक्या तेव्हाच धरत असतात. सकाळी बुंध्याशी पोटभर पाणी, दुपारनंतर माती चाचपून लागलं तर पुन्हा. पानांवर पाणी मारू नये. मातीचे शिंतोडे खालच्या पानांवर उडतात, आणि करपा तिथूनच सुरू होतो: आधी तपकिरी-काळे ठिपके, मग पान पिवळं, मग वाळून दांड्याला लोंबणारं, आणि हे सगळं खालून वर चढत जातं. पहिली दोन-चार पानं दिसताच काढून टाकावीत, कुंडीत पडू देऊ नयेत. मातीवर कोरड्या पाल्याचा पातळ थर द्यावा. वाढतच असेल तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ते २.५ ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा.

शेंडा खुडणं हे लहान फुलांच्या शेवंतीचं मुख्य काम आहे. रोप १५ सेंटिमीटरचं झालं की वरचा दोन-तीन सेंटिमीटर कोवळा भाग नखानं खुडावा. पानांच्या बगलेतून तीन-चार फाटे येतात. तीन-चार आठवड्यांनी त्या प्रत्येकाचा शेंडा पुन्हा खुडावा. एका रोपाचे असे दहा-बारा फाटे होतात आणि प्रत्येकावर फुलांचा गुच्छ येतो. शेवटचं खुडणं ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, फार तर गणपतीचे दिवस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले तर तोवर. त्यानंतर शेंडा खुडला तर नव्या फाट्याला वाढायला वेळ मिळत नाही, फुलं उशिरा आणि तोकड्या दांड्यावर येतात.

मोठ्या फुलाच्या जातीत हिशोब वेगळा. एका कुंडीत एकच फूल हवं असेल तर शेंडा खुडायचाच नाही. तीन फुलं हवी असतील तर एकदा खुडून आलेल्या फाट्यांतले सारख्या जाडीचे तीन ठेवायचे आणि बाकीचे काढायचे. बांबूची काठी ६ इंची कुंडीतून शेवटच्या कुंडीत हलवतानाच रोवावी. दांडा झुकल्यावर काठी खुपसली तर ती नेमकी मुळांच्या गड्ड्यातून जाते. सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, एक वेढा काठीला आणि एक सैल वेढा दांड्याला, दर १५ सेंटिमीटरवर. बुडाशी उगवणाऱ्या काश्या फूल होईपर्यंत काढत राहायच्या, त्या वरच्या फुलाचं पोषण खातात.

कळ्यांबद्दल थोडं सावकाश, कारण मोठं फूल इथं जिंकतं किंवा हरतं. शेवंतीला दोन तऱ्हेच्या कळ्या येतात. एक आधी येते, तिच्याभोवती पानांचे कोवळे फाटे असतात. दुसरी नंतर येते, तिच्याभोवती फक्त कळ्याच असतात. पहिलीत पाकळ्या जास्त भरतात आणि फूल मोठं होतं, म्हणून ती वेळेवर, म्हणजे सप्टेंबर उलटल्यावर आली असेल तर ठेवावी आणि भोवतीचे फाटे काढावेत. ऑगस्टमध्येच आली तर ठेवू नये, झाड अजून तेवढं मोठं नसतं. तिला खुडून भोवतीचा एक दमदार फाटा वर जाऊ द्यावा. दुसऱ्या तऱ्हेत मधली कळी ठेवून बाजूच्या काढाव्यात. त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या झाल्या की बोटानं बाजूला ढकलल्यावर अलगद निघतात. याहून लहान असताना गेलात तर नख मधल्या कळीला लागतं, आणि फार मोठ्या होऊ दिल्या तर साल सोलून निघते. सगळं एका दिवशी करू नका. मधल्या कळीच्या लगेच खालची एक कळी आठवडाभर राखीव ठेवा. मधलीला अळीनं किंवा चिमणीनं टोचलं तर तीच कामाला येते.

आता उजेड. शेवंती दिवसाची नव्हे, रात्रीची लांबी मोजते. सलग, लांब, अंधारी रात्र मिळाली की कळी धरते. युरोपातल्या बागकामाच्या पुस्तकांतल्या तारखा आपल्याला लागू पडत नाहीत त्या यामुळेच. तिथं उत्तरेकडे उन्हाळ्यातला दिवस सोळा तासांच्या वर जातो. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा, त्यामुळे आपल्याकडे काही जाती जुलैतसुद्धा अवेळी कळी दाखवतात. पॉलिहाउसमध्ये लागवडीनंतर पहिले काही आठवडे मध्यरात्री दिवे लावले जातात ते हीच घाई रोखण्यासाठी: रात्र मधेच तोडायची म्हणजे झाड आधी उंची घेतं.

हेच गच्चीवर नकळत घडतं. बाल्कनीसमोर रस्त्याचा दिवा असेल किंवा कुंडीवर रात्रभर ट्यूब जळत असेल, तर झाड हिरवंगार वाढत राहतं आणि नोव्हेंबर आला तरी कळीचा पत्ता नसतो. कित्येकदा दिव्याकडची बाजू नुसती पानांची आणि अंधाराकडची कळ्यांनी भरलेली दिसते. खत बदलून याला उपाय नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून कुंडी अंधाऱ्या जागी हलवा, किंवा संध्याकाळी सहापासून सकाळी सात-आठपर्यंत जाड काळ्या कापडाचा आडोसा करा. कळ्या धरून टपोऱ्या झाल्यावर दिवाळीच्या चार दिवसांच्या आकाशकंदिलानं काही बिघडत नाही. दिवसा मात्र किमान पाच-सहा तास थेट ऊन हवंच.

खताचा क्रम सोपा आहे. वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा पेंडीचं पाणी: पाव किलो शेंगदाण्याची पेंड पाच लिटर पाण्यात चार-पाच दिवस भिजवून, गाळून, एकास दहा पाणी घालून, मोठ्या कुंडीला पाव लिटर. वास सोसत नसेल त्यांनी १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत लिटरला एक ते दोन ग्रॅम द्यावं. सप्टेंबर संपला की नत्र कमी करून कळ्या दिसताच १३:०:४५ हे कमी नत्राचं, जास्त पालाशचं खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. कळीतून रंग डोकावला की सगळं खत बंद. याच टप्प्यावर अनेकांचा हात सैल सुटतो. उशिरा दिलेल्या नत्रानं पानं गर्द आणि मांसल होतात, फुलाची मान मऊ पडते, आणि पाकळ्यांवर डाग पडून त्या लवकर सडतात.

किडींत पहिला मान माव्याचा. थंडी सुरू झाली की काळपट मावा शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठांवर दाटीनं बसतो. मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की समजावं. सुरुवातीला पाण्याची जोरदार धार किंवा ओल्या बोटांनी पुसणं पुरतं. नाही तर कडुनिंबाचं तेल ५ मिलि आणि द्रव साबण १ मिलि, लिटरभर कोमट पाण्यात, संध्याकाळी, तीन फवारण्या पाच दिवसांच्या अंतरानं. कळी उमलायला लागल्यावर तेल मारू नये, पाकळ्यांवर तेलकट डाग राहतात. पाकळ्यांवर पांढुरके ओरखडे दिसले तर ते फुलकिड्यांचं काम, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून कळी बंद असतानाच निळे चिकट सापळे लावावेत. पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा म्हणजे नागअळी, ती पानं तोडून नष्ट केली की भागतं.

उमललेलं फूल ऊन आणि पाणी दोन्हींपासून जपावं लागतं. गुलाबी आणि विटकरी रंग उष्ण हवेत फिके पडतात. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या आसपास आलं की त्याच झाडावर पुढची फुलं गडद येतात. अवकाळी पावसाची लक्षणं दिसली की मोठ्या फुलांच्या कुंड्या आत घ्या, दाट पाकळ्यांत पाणी साठून फूल आतून तपकिरी होतं. घरात मांडायची कुंडी कळ्या निम्म्या उमलल्यावर आणावी. बंद कळ्यांची कुंडी आत आणली तर त्या मंद उजेडात मुक्याच राहतात. सावलीच्या, गार जागी बहर तीन-चार आठवडे टिकतो.

फुलदाणीसाठी दांडा सकाळी कापून लगेच पाण्यात ठेवा, पाण्यात बुडणारी पानं काढा, एक दिवसाआड पाणी बदला आणि दांड्याचं टोक थोडं कापा. दहा-बारा दिवस आरामात जातात, कापून एवढं टिकणारी घरची फुलं फार थोडी. वेणीसाठी आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेसाठी फुलं पूर्ण उमलू द्यावीत, पण मधली चकती पिवळी, भुरभुरीत व्हायच्या आत तोडावीत. शेवंतीचं एक फूल म्हणजे शेकडो बारीक फुलांचा मेळावा असतो. कडेची पाकळ्यांची, मधली नळीसारखी. मधली पिकायला लागली की कडेच्या पाकळ्या गळू लागतात आणि वेणी संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

शेवंतीची कुंडी ठेवली की डास येत नाहीत, असं बरेच ठिकाणी वाचायला मिळतं. पायरेथ्रम हे कीटकनाशक मिळतं ते शेवंतीच्या कुळातल्या एका वेगळ्या वनस्पतीच्या वाळवलेल्या फुलांपासून, आपल्या बागेतल्या शेवंतीपासून नव्हे. कुंडीनं डास जात नाहीत. शेवंतीच्या चहाचंही तसंच: चीनमध्ये त्यासाठी खास जाती पिकवतात. बाजारातली किंवा रोपवाटिकेतली फवारलेली फुलं उकळून पिऊ नयेत. आणि काहींच्या कातडीला शेवंतीच्या पानांची, रसाची ॲलर्जी असते. शेंडे खुडताना बोटांना खाज, पुरळ येत असेल तर हातमोजे घालावेत. मांजर-कुत्र्यांनाही पानं खाऊ देऊ नयेत.

बहर संपला की जानेवारीत दांडे जमिनीपासून १० सेंटिमीटरवर छाटा आणि त्याच दिवशी जातीच्या नावाची, रंगाची चिठ्ठी कुंडीत खोचा. फुलं गेल्यावर सगळ्या शेवंत्या सारख्याच दिसतात. कुंडी उन्हात ठेवून माफक पाणी आणि मूठभर शेणखत द्या. फेब्रुवारीत काश्या चार-पाच पानांच्या झाल्या की गड्डा सोडवून, बाहेरच्या बाजूच्या, स्वतःची मुळं असलेल्या निवडा. मधला जुना लाकडी भाग टाकून द्या. नवी माती, ५-६ इंची कुंडी, आणि मार्चपासून झाडाखालची किंवा शेडनेटची सावली. उन्हाळ्यात लाल कोळी येतो: पानं वरून धुळकट, फिकट आणि खालून बारीक जाळी. दोन-तीन दिवसांनी सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याची धार मारली की तो आटोक्यात राहतो, उन्हाळ्यात पानं ओली झाली तरी लगेच सुकतात. जूनमध्ये हवा निवली की मातृझाडांचे शेंडे एकदा खुडून टाका. त्यानंतर येणारे कोवळे फाटे दोन-तीन आठवड्यांत काड्या घेण्याजोगे होतात.